चला मालवणला... पाण्याखाली श्वास घ्यायला!

बालमित्रांनो, बसल्या जागी एक गंमत करून पाहा. श्वास रोखा आणि मनातल्या मनात आकडे मोजा. एक, दोन, तीन... कुठवर पोचलात? तीस? चाळीस? एखादा पठ्ठ्या साठपर्यंतही गेला असेल! (हा खेळ फक्त घरात बसून करायचा बरं का, पोहण्याच्या तलावात किंवा विहिरीत मुळीच नाही.)

आता सोडा श्वास. हायसं वाटलं ना? दिवसभरात आपण वीस हजारांच्या आसपास श्वास घेतो, पण त्यातल्या एकाचीही आठवण ठेवत नाही. पण एक जागा अशी आहे की तिथे प्रत्येक श्वास कानांना ऐकू येतो. आत घेताना 'सुऽऽस' आणि सोडताना 'बुडबुडबुड'. ती जागा म्हणजे समुद्राचा तळ. आणि तिथे जायला आपल्याला दूर परदेशी जायला नको. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातलं मालवण पुरे आहे.

तर चला! मुंबईहून कोकण रेल्वेनं निघालात की बोगदे मोजत मोजत कुडाळला उतरा. तिथून एस.टी. पकडली की तासाभरात मालवण. लाल मातीचा वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना आंब्या-काजूची झाडं, मधूनच एखादं कौलारू घर, आणि मग एकाएकी नाकाला सुक्या मासळीचा वास आला की समजावं, बंदर जवळ आलं.

बंदरावर उभं राहिलं की समोर दिसतो सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी कुरटे नावाच्या बेटावर १६६४ साली त्याचं बांधकाम सुरू केलं. काम सुरू करण्याआधी किनाऱ्यावरच्या ज्या खडकापाशी पूजा झाली, तो 'मोरयाचा धोंडा' आजही मालवणात दाखवतात. पाण्यात उभी असलेली ही लांबच लांब तटबंदी साडेतीनशे वर्षं लाटा खात उभी आहे. आणि गंमत म्हणजे चारी बाजूंना खारं पाणी असूनही किल्ल्यात गोड्या पाण्याच्या तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. ही गोड्या पाण्याची गोष्ट लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे.

बहुतेक पाहुणे होडीनं किल्ल्यावर जातात, तट फिरतात, फोटो काढतात आणि परत येतात. पण किल्ल्याच्या भोवती, पाण्याखाली, आणखी एक मालवण आहे. तिथे प्रवाळांचे पुंजके आहेत, अंगावर काळे-पिवळे पट्टे मिरवणारे मासे आहेत, खडकाच्या कपारीतून डोळे वटारून बघणारा गोबरा आहे, काटेरी चेंडूसारखे समुद्री साळू आहेत. म्हणून तर १९८७ साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. हे दुसरं मालवण पाहायला जी किल्ली लागते, तिचं नाव आहे रेग्युलेटर. आज आपण तीच किल्ली पारखायला शिकणार आहोत.

लांब नळी का चालत नाही?

तुम्ही म्हणाल, "एवढा खटाटोप कशाला? एक लांबलचक नळी घ्यायची, एक टोक तोंडात, दुसरं पाण्याबाहेर. झालं काम!"

वाटतं तितकं सोपं नाही ते. पाण्याला वजन असतं. तुम्ही जेमतेम एक मीटर खाली गेलात तरी तुमच्या छातीवर एक चौरस फूट जागेमागे सुमारे ९० किलो जास्तीचा भार पडतो. म्हणजे एक चांगला दणकट पहिलवान छातीवर बसल्यासारखंच! नळीतून येणारी हवा असते वरची, साध्या दाबाची. तिच्या जोरावर तो पहिलवान काही उठायचा नाही. छाती फुगणारच नाही, तर श्वास येईल कुठून?

यावर उपाय एकच. जेवढा दाब बाहेरच्या पाण्याचा, तेवढ्याच दाबाची हवा आत घ्यायची. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीस मीटरवर ३. पाणबुड्या वर-खाली होत राहतो, म्हणजे दाबही सारखा बदलत राहतो. आणि पाठीवरच्या सिलिंडरमध्ये तर हवा कोंबलेली असते तब्बल २०० पट दाबानं! ती थेट तोंडात आली तर काय होईल याची कल्पनाही नको.

मग या राक्षसी दाबाच्या हवेला वठणीवर आणायचं, आणि जिथे असू तिथल्या पाण्याच्या दाबाइतकी, मागू तेव्हाच आणि मागू तेवढीच हवा द्यायची, हे काम करतो तो रेग्युलेटर.

स्वयंपाकघरातला भाऊबंद

रेग्युलेटर तुम्ही रोज पाहता! आईच्या किंवा बाबांच्या हातून गॅसचं सिलिंडर बदललं जाताना वर 'कट्' करून बसतो ना, तोच. तोही सिलिंडरमधल्या गॅसचा दाब कमी करून शेगडीला देतो. फरक एवढाच की शेगडीला गॅस सलग लागतो, आणि माणसाला हवा लागते थांबून थांबून.

हे नातं नुसतं म्हणायला नाही, खरंखुरं आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलची टंचाई होती. एमिल गान्यां नावाचा इंजिनिअर मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप तयार करत होता. फ्रेंच नौदलातल्या झाक-ईव्ह कुस्तो या अधिकाऱ्याला मात्र हवी होती माणसासाठी झडप. दोघे भेटले आणि १९४३ साली त्यांनी 'अ‍ॅक्वालंग' तयार केलं. पहिली चाचणी झाली मार्न नदीत, थंडीच्या दिवसांत. कुस्तो आडवा पोहत होता तोवर सगळं छान चालत होतं. उभा राहिला की हवा भसाभसा वाया जायची, आणि डोकं खाली केलं की श्वास ओढता ओढेना! दोघांनी विचार केला आणि कारण सापडलं. हवा आत देणारा पडदा आणि उच्छ्वास बाहेर सोडणारं तोंड यांच्या उंचीत फरक होता, म्हणून दोन्हींवरच्या पाण्याच्या दाबातही फरक पडत होता. ते तोंड पडद्याशेजारी आणून बसवलं आणि काम फत्ते झालं.

तसं पाहिलं तर त्याच्याही ऐंशी वर्षं आधी, १८६० च्या दशकात, फ्रान्समधल्याच रुकेरोल आणि देनेरूझ या दोघांनी मागेल तेवढी हवा देणारं यंत्र बनवलं होतं. ज्यूल व्हर्नच्या समुद्रातल्या सफरीच्या प्रसिद्ध कादंबरीत कॅप्टन निमोची माणसं पाण्याखाली चालतात ती याच यंत्राच्या कल्पनेवर.

कुस्तोच्या यंत्राला दोन जाड नळ्या होत्या आणि बुडबुडे मानेमागून निघत. पुढे १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचा टेड एल्ड्रेड यानं एकाच बारीक नळीचा रेग्युलेटर बाजारात आणला. आज जगभर वापरतात ते सगळे या एकनळीचेच वंशज.

दोन पायऱ्या, एक श्वास

आता मालवणच्या किनाऱ्यावर परत या. एका डाइव्ह केंद्राच्या पडवीत एक तरुण गाइड बसलाय. नाव कशाला हवं? आपण त्याला नुसतं दादा म्हणू. घरी पिढ्यानपिढ्या मासेमारी. आजोबा अडकलेलं जाळं सोडवायला एका दमात तळ गाठायचे. हा मात्र रीतसर शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन पाणबुड्या झालाय आणि पाहुण्यांना समुद्र दाखवतो. आजवर केंद्राचा रेग्युलेटर वापरला. आता दोन मोसमांची शिल्लक जमवून त्याला स्वतःचा घ्यायचाय. समोर ताडपत्रीवर चार रेग्युलेटर मांडलेत आणि त्याला एकच परवडणार आहे.

"येवा, बसा," तो म्हणतो. "तुमीच सांगा, खयचो घेव?"

सांगण्याआधी यंत्राची ओळख करून घ्यायला हवी. रेग्युलेटरच्या दोन पायऱ्या असतात. पहिली पायरी म्हणजे सिलिंडरच्या डोक्यावर बसणारा पितळी ठोकळा. तो २०० पट दाबाची हवा घेतो आणि तिचा दाब उतरवून, आजूबाजूच्या पाण्यापेक्षा साधारण नऊ-दहा वातावरणं जास्त एवढाच ठेवतो. ती हवा नळीतून दुसऱ्या पायरीकडे येते.

दुसरी पायरी म्हणजे तोंडात धरायचा, वाटीसारखा भाग. तिच्यात रबराचा एक पडदा असतो आणि पडद्याला टेकलेली छोटी तरफ. तुम्ही श्वास ओढलात की पडदा आत खेचला जातो, तरफ दबते, झडप उघडते, हवा येते. ओढणं थांबलं की स्प्रिंग झडप बंद करते. श्वास सोडलात की तो एकेरी झडपेतून बाहेर पडतो आणि बुडबुडे होतात. आहे की नाही सुटसुटीत?

आणखी एक फार महत्त्वाची गोष्ट. ही दुसरी पायरी अशी बनवलेली असते की ती बिघडली तर सहसा बंद पडत नाही, उघडी राहते. म्हणजे हवा अडत नाही, उलट भसाभस सुटते. हवा लवकर संपते खरी, पण वर यायला वेळ मिळतो. अशा सुटलेल्या हवेतूनही श्वास कसा घ्यायचा, हे पहिल्याच अभ्यासक्रमात शिकवतात.

चार उमेदवार

पहिला उमेदवार दिसायला अगदी साधा. त्याच्या पहिल्या पायरीत असतो दट्ट्या, सायकलच्या पंपात असतो तसा. हलणारे भाग अगदी थोडे, म्हणून स्वस्त आणि दणकट. मात्र सिलिंडरमधली हवा कमी होत आली की श्वास ओढायला किंचित जड जातो. उथळ पाण्यात एकट्यासाठी हा मुळीच वाईट नाही. फक्त या जातीत समुद्राचं पाणी स्प्रिंगपर्यंत आत शिरतं. पाण्याबरोबर वाळूचे कण आणि मीठही शिरतं.

दुसरा उमेदवार सगळ्यांत भारदस्त. चकचकीत, जड आणि महाग. तो खास थंड पाण्यासाठी बनवलेला. तुम्ही विचाराल, थंड पाण्यात वेगळं काय होतं? सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडताना बोट धरून पाहा, गार लागतं. दाबातली हवा मोकळी झाली की ती थंड होते. २०० पट दाबाची हवा एकदम उतरली तर किती थंड होईल! आजूबाजूचं पाणी आधीच चार-पाच अंशांवर असेल तर रेग्युलेटरच्या आत बर्फ धरतो, झडप उघडीच अडकते आणि हवा वाहून जाते. म्हणून युरोपातल्या नियमांत १० अंशांखालच्या पाण्यासाठी रेग्युलेटरची वेगळी परीक्षा असते. त्यात स्प्रिंगची जागा सीलबंद करतात, उष्णता खेचायला धातूच्या पट्ट्या लावतात.

पण मालवणचं पाणी? साधारण २६ ते ३० अंश! इथे बर्फ धरणार कसा? लोकरीची कानटोपी कितीही उत्तम असली तरी मे महिन्यात मालवणात घालून कोण फिरेल? मात्र दादा इथे एक बारकावा सांगतो. सील बर्फासाठी नको असलं तरी गाळ-वाळू बाहेर ठेवायला त्याचा उपयोग होतो. म्हणजे गुण आहे, पण त्याच्यासाठी एवढी किंमत आणि एवढं वजन घ्यायचं का, हा प्रश्न.

तिसरा आहे टिटॅनियमचा. हातात घेतला तर हलकाफुल्ल, गंज चढत नाही. विमानातून हिंडणाऱ्यांना फार सोयीचा. पण किंमत पाहिली की डोळे पांढरे! शिवाय जास्त प्राणवायू मिसळलेल्या हवेला टिटॅनियम चालत नाही, कारण अशा हवेत तो पेट घेण्याचा धोका असतो. दादाला पुढेमागे तसली हवा वापरायचं प्रशिक्षण घ्यायचंय.

चौथा मधल्या किमतीचा. याच्या पहिल्या पायरीत दट्ट्याऐवजी पडदा असतो. हा पडदा म्हणजे जणू घराची चौकट. पाणी, वाळू, मीठ सगळं पडद्याच्या बाहेर. आतले नाजूक भाग कोरडे. शिवाय याची झडप 'बॅलन्स्ड', म्हणजे तोललेली असते. सिलिंडर भरलेलं असो की संपत आलेलं, श्वास सारखाच हलका येतो.

कौल कुणाला?

आता तुमच्यापैकी काही जण म्हणतील, पहिला घे, पैसे वाचतील. मालवणात पाहुण्यांची डाइव्ह बहुधा उथळ पाण्यातच असते, मग जास्त खर्च कशाला?

दादा हसून म्हणतो, "माका एकट्याक श्वास घेवचो नाय!"

हीच खरी मेख. प्रत्येक रेग्युलेटरला दुसऱ्या पायरीची आणखी एक वाटी जोडलेली असते. रंगानं बहुधा पिवळी, चटकन दिसावी म्हणून. तिला 'ऑक्टोपस' म्हणतात. सोबत्याची हवा संपली किंवा काही बिघडलं तर ती त्याच्या तोंडात द्यायची. समजा डाइव्ह संपत आलीय, दादाच्या सिलिंडरमध्ये हवा थोडी उरलीय, आणि नेमका तेव्हा घाबरलेला पाहुणा दादाच्या ऑक्टोपसवर श्वास घेऊ लागला. घाबरलेला माणूस धापा टाकतो. एका ठोकळ्यातून दोघांनी एकाच वेळी जोरात हवा ओढायची! साधा रेग्युलेटर इथे जड जाऊ लागतो. तोललेला मात्र दोघांनाही पुरेशी हवा देतो. तो पाहुणा म्हणजे उद्या तुमच्याच वयाचा कुणी मुलगा किंवा मुलगी असू शकेल.

दुसरं कारण दादाच्या स्वप्नाचं. विजयदुर्गपासून पश्चिमेला शंभराहून जास्त किलोमीटर आत समुद्रात 'आंग्रिया बँक' नावाचं बुडालेलं प्रवाळांचं पठार आहे. सरखेल कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं! त्याचा माथाच वीस मीटरहून खोल आहे. दादाला एक दिवस तिथे उतरायचंय. खोल पाण्यात हवा दाट होते, श्वास ओढायला जास्त ताकद लागते. तिथेही तोललेलाच बरा.

आणि तिसरं कारण ऐकून तुम्हाला नवल वाटेल. दादानं दुकानदाराला पहिला प्रश्न विचारला तो रंगाचा नाही, कंपनीचा नाही. "याचे सुटे भाग आणि दुरुस्ती करणारा माणूस जवळपास कुठे मिळेल?" एवढंच विचारलं. रेग्युलेटरमधल्या रबरी कड्या झिजतात. उत्पादकानं सांगितलं असेल तसं, वर्षा-दोन वर्षांनी किंवा ठराविक डाइव्हनंतर, शिकलेल्या तंत्रज्ञाकडून तो उघडून साफ करून घ्यावाच लागतो. ज्याचे भाग आपल्या मुलखात मिळत नाहीत तो जगातला सर्वोत्तम रेग्युलेटरसुद्धा ऐन मोसमात खुंटीला टांगून ठेवावा लागेल. चौथ्याचा तंत्रज्ञ शेजारच्या गोव्यात होता.

झालं! चौथा ठरला. आणि जोडणी? सिलिंडरवर बसवायच्या दोन तऱ्हा. एक शिकंज्यासारखी आवळायची, हिला 'योक' म्हणतात. ही २३२ पट दाबापर्यंत चालते. दुसरी आट्यांनी आत फिरवून बसवायची, ती 'डिन'; तिचे प्रकार ३०० पट दाबापर्यंतही चालतात. केंद्रावरची सिलिंडरं योकची, म्हणून दादानं योक घेतला. आपण जिथे पोहणार तिथली सिलिंडरं कोणती ते आधी पाहावं. कुलूप एक आणि किल्ली दुसरी असं नको व्हायला.

आता उतरा पाण्यात

ऑक्टोबरपासून मेपर्यंत इथला मोसम. पावसाळ्यात समुद्र खवळलेला आणि पाणी गढूळ, तेव्हा सगळं बंद. भरपेट वडे-सागोती खाऊन मात्र होडीत चढू नका, नाहीतर सागोती माशांना वाढावी लागेल!

होडी किल्ल्याच्या आसपास नांगर टाकते. तुमचं वय दहा पूर्ण असेल, डॉक्टरांची हरकत नसेल आणि आईबाबांची परवानगी असेल, तर पहिल्या अनुभवासाठी तुम्ही उतरू शकता. गाइड सारा वेळ तुम्हाला धरून असतो. खाली जाताना कान दुखण्याची वाट न पाहता, आधीपासूनच नाक चिमटीत धरून हळूच फुंकत राहायचं. तरी दुखलं तर खूण करायची आणि वर यायचं. त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि सगळ्यांत मोठा नियम. पाण्याखाली रेग्युलेटर तोंडात असताना श्वास कधीच, कध्धीच रोखायचा नाही! दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट फुगते. श्वास रोखून वर आलात तर ती जाणार कुठे? फुप्फुसाला इजा होते. म्हणून सतत, सावकाश श्वास घेत राहायचा. बघा, लेखाच्या सुरुवातीला जी गंमत केली, तिच्या अगदी उलट!

जाता जाता एक गणित. १२ लिटरचं सिलिंडर २०० पट दाबानं भरलं, तर त्यात हवा किती? १२ × २०० = २४०० लिटर. त्यातला ५० पट दाब, म्हणजे ६०० लिटर, अडीअडचणीला राखून ठेवायचा. उरली १८०० लिटर. माणूस वर मिनिटाला २० लिटर हवा घेत असेल, तर दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून लागतात ४० लिटर. मग हवा किती मिनिटं पुरेल? पंचेचाळीस! आता सांगा पाहू, वीस मीटरवर किती पुरेल? (उत्तर मागे-पुढे शोधू नका, स्वतः काढा.)

खाली गेल्यावर प्रवाळांना हात लावू नका, शिंपले खिशात घालू नका. ते दगड नाहीत, जिवंत प्राण्यांची वस्ती आहे. आपण पाहुणे, घर त्यांचं.

आईबाबांसाठी चार शब्द

मुलांसाठी रेग्युलेटर विकत घेण्याची घाई करू नका. आधी चेहऱ्याला नीट बसणारा, गळका नसलेला मास्क घ्या. पोहणं पक्कं होऊ द्या. पुढे मुलानं रीतसर प्रशिक्षण पुरं केलं आणि आवड टिकली, तर मग रेग्युलेटरचा विचार करा. सर्दी, दमा, कानाचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

केंद्रावर मात्र डोळे उघडे ठेवा. रेग्युलेटरची शेवटची तपासणी कधी झाली, हे निःसंकोच विचारा. चांगला गाइड रागावत नाही, वही काढून दाखवतो. पिवळी जादा वाटी आहे का? तोंडात धरायचं रबर फाटलेलं नाही ना, आणि मुलाच्या तोंडाला ते फार मोठं होत नाही ना? नळ्यांना, विशेषतः टोकाशी, चिरा नाहीत ना? सिलिंडर उघडण्याआधी श्वास ओढून पाहिला तर हवा अजिबात येता कामा नये. आली तर कुठेतरी गळती आहे. सिलिंडर उघडल्यावर दाबाच्या काट्याकडे बघत तीन-चार श्वास घ्यायचे. काटा स्थिर हवा. तो थरथरत खाली-वर झाला तर सिलिंडरची चावी पुरती उघडलेली नाही. हवेला तेलाचा किंवा कसलाही वास येत असेल तर सरळ नको म्हणा. इतक्या सगळ्याला मिळून दोन मिनिटं लागतात.

गोड्या पाण्याचं औषध

दुपार कलली, पाहुणे गेले, की दादाचं खरं काम सुरू होतं. पहिल्या पायरीचं तोंड तो कोरडं पुसतो आणि टोपण घट्ट बसवतो, कारण तिथून पाण्याचा एक थेंबही आत जाता कामा नये. मग रेग्युलेटर गोड्या पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवतो. खारं पाणी तसंच सुकलं तर मिठाचे कण बसतात आणि रबर, स्प्रिंग, झडप सगळ्याला खातात. धुताना मधलं बटण मुळीच दाबायचं नाही. दाबलं तर झडप उघडते आणि पाणी नळीतून आत चढतं. नंतर सावलीत टांगून वाळवायचं, उन्हात नाही.

समुद्रात उभ्या असलेल्या किल्ल्यालासुद्धा गोड्या पाण्याच्या विहिरी लागल्या, तिथे या चिमुकल्या यंत्राची काय कथा! "गोडा पानी म्हणजे ह्येचा औषद," असं म्हणत दादा नळीवरून हात फिरवतो. आजोबा जाळं धुऊन वाळत घालताना जसा फिरवायचे, अगदी तसाच.

तर दोस्तांनो, वस्तू निवडायची वेळ आली, मग ती सायकल असो, चष्मा असो की रेग्युलेटर, तर दादाचे प्रश्न आठवा. मी ही कुठे वापरणार? माझ्याबरोबर आणखी कुणाचा भार तिच्यावर पडणार? बिघडली तर दुरुस्त कोण करणार? आणि रोज तिची निगा मी राखेन का? या चार प्रश्नांची उत्तरं मिळाली की कोणती घ्यायची ते आपोआप कळतं.

सुट्टीत मालवणला गेलात तर किल्ला पाहाच, पण जरा त्याच्या पायाशीही डोकावा. आणि वीस मीटरच्या गणिताचं उत्तर आलं का? आलं असेल तर आईबाबांना तेच गणित घाला. बघू, कोण आधी सोडवतंय!